रुंदीची खुंटी

आमच्या लोणावळ्याच्या घरमालकांना टीव्हीच्या काचेवर काळी पट्टी दिसलेली चालत नसे. बातम्या हुकल्या तरी चालत, सिनेमाचा शेवट कळला नाही तरी चाले. पण चित्र आणि लाकडी चौकट यांच्यामध्ये बोटभर काळी जागा राहिली, की ते खुर्चीतून उठत. "एवढी काच पडीक का ठेवायची?" असं म्हणत आणि टीव्हीच्या मागे जात.

मुलांनो, हे तुम्हाला समजायला अवघड जाईल, म्हणून आधी नीट सांगते. तुमच्याकडे चित्र भिंतीवर असतं आणि आपोआप चौकटीत बसतं. आमच्या वेळचा टीव्ही म्हणजे चार पायांचं, सरकत्या दारांचं एक लहान कपाटच होतं. चित्र काळं-पांढरं. विजेचा दाब कमी झाला की ते चित्र धुतलेल्या खादीसारखं आटायचं आणि कडेला काळ्या पट्ट्या पडायच्या. ते ताणून पुन्हा चौकटीत बसवायला मागच्या बाजूला दोन लहान खुंट्या असत. एक उंचीची, एक रुंदीची. त्या स्क्रू-ड्रायव्हरने फिरवाव्या लागत. आता जो माणूस मागे जाऊन खुंटी फिरवणार, त्याला पुढचं चित्र कसं दिसणार? म्हणून दुसऱ्या कोणीतरी टीव्हीसमोर आरसा धरून उभं राहायचं. आमच्या घरी तो आरसा मी धरत असे.

घर वलवणच्या रस्त्याला होतं. खालच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू, वर ते आणि त्यांची पत्नी. मी त्यांना अण्णा म्हणत असे आणि पत्नीला काकू. तुमचे आजोबा तेव्हा वीज कंपनीत होते आणि मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. म्हणून अण्णा मला 'बाई' म्हणत आणि तुमच्या आजोबांना 'साहेब'. पण त्या 'साहेब'मध्ये आदर थोडा आणि तक्रार जास्त असे. संध्याकाळी दिवे लागले की वरून हाक यायची, "साहेब, तुमची वीज दुपारी पैलवान असते, आणि आता बघा, पेशंट झालीय!"

आजोबा खालूनच ओरडत, "अण्णा, मी वीज बनवत नाही, नुसते कागद करतो!"

"मग कागद तरी नीट करा. चित्र दोन्हीकडून पाऊण पाऊण इंच आत गेलंय."

पाऊण इंच म्हणजे मोजून पाऊण इंच. अण्णांनी उभी नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात केली होती. मावळातलं एकही गाव नव्हतं, जिथे त्यांनी साखळी टाकली नव्हती. निवृत्त होऊन साखळी गेली, पण मोजणं सुटलं नाही. आम्ही जागा पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी आम्हाला पगार, गाव, नातेवाईक असं काही विचारलं नाही. विचारलं, "तुमचं कपाट किती उंच?" आजोबा म्हणाले, असेल साडेपाच-सहा फूट. तेव्हा अण्णांनी त्यांना परत पाठवलं. "मोजून या. आमचं दार पाच फूट अकरा इंच आहे. कपाट रस्त्यावर राहील आणि मग तुम्ही मला नावं ठेवाल." आजोबा खरोखरच पुण्याला जाऊन कपाट मोजून आले. ते सहा फूट एक इंच भरलं. अण्णांनी सुतार बोलावून दाराची वरची पट्टी काढून घेतली आणि आम्हाला जागा दिली. असे ते होते. नाही म्हणायचं तर मोजून, हो म्हणायचं तरी मोजून.

तुळशीच्या दोन कुंड्यांमधलं अंतर त्यांना माहीत होतं. घरापासून स्टेशनपर्यंत त्यांची पावलं किती होतात हे माहीत होतं, आणि काकू बरोबर असल्या तर किती होतात तेही. काकू हसून म्हणत, "माझी पावलं धरत नाहीत हो ते. मी मागून येते ना, मग ते थांबतात, तेवढी पावलं कमी धरतात."

सिंहगडावर टीव्हीचा मनोरा उभा राहिला, आणि त्यानंतर वर्षभरात अण्णांनी टीव्ही आणला. पुण्याचा मेकॅनिक गच्चीवर लोखंडी पाइपावर अँटेना बांधून गेला. जाताना अण्णांनी त्याला अडवलं.

"चित्राचं माप घेतलंत का?"

"माप काय घ्यायचं, काका? दिसतंय ना छान?"

"छान म्हणजे किती?"

तो मेकॅनिक पुन्हा त्या घरात आला नाही. अण्णांनीही बोलावला नाही. टीव्हीबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, यातलं मागच्या खुंट्यांचं तेवढं मराठीत लिहून द्या. बाकीचं मला नको." मी दोन पानं लिहून दिली. त्यात धोक्याची सूचना होती, की मागचं झाकण उघडू नये, आत विजेचा फार मोठा दाब असतो. ती मी लाल शाईने लिहिली होती. अण्णांनी ती वाचली, मान हलवली आणि पायात रबरी स्लिपर घालून झाकण उघडलं.

कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी काही वेळ पडद्यावर नुसतं एक मोठं वर्तुळ आणि चौकटी असत. बाकी लोक त्या वेळात चहा पीत. अण्णांचा खरा कार्यक्रम तो. ते काकूंची शिवणाची टेप घेऊन काचेजवळ गुडघ्यावर बसत. काच फुगीर असल्यामुळे लाकडी पट्टी तिच्यावर बसत नसे. वर्तुळ आधी आडवं मोजायचं, मग उभं. दोन्ही मापं सारखी आली नाहीत तर ते निकाल सांगत. "आडवं अर्धा इंच जास्त भरतंय. आज सगळे लठ्ठ दिसणार." किंवा, "आज बातम्या देणारीला उपास घडणार." मग मागे जाऊन, "बाई, आरसा!" मी त्यांचा दाढीचा आरसा दोन्ही हातांत धरून उभी राहायची. आरशात सगळं उलटं दिसे, त्याचीही त्यांना सवय झाली होती. "जरा डावीकडे... तुमच्या नाही, माझ्या. हं. आता खाली."

पण त्यात एक मेख होती. वर्तुळ गोल झालं तरी अण्णा तिथे थांबत नसत. रात्र पडली की वीज आणखी उतरणार आणि चित्र आटणार, म्हणून ते सुरुवातीलाच रुंदीची खुंटी थोडी जास्त पुढे नेऊन ठेवत, आणि तेवढीच उंचीची. शिवताना आपण कापड आटेल म्हणून जास्त धरतो ना, तसं. त्यामुळे काळी पट्टी कधीच पडत नसे. पण चित्राची कड चौकटीच्या लाकडामागे जाई. पाट्यांची पहिली अक्षरं दिसत नसत. कोणी कडेला उभा असला तर त्याचा अर्धा खांदा दिसे. आजोबा एकदा म्हणालेसुद्धा, "अण्णा, तुमच्या मोजणीत चित्राचा एक पट्टा शेजाऱ्याच्या हद्दीत गेलाय." अण्णा म्हणाले, "कडेला काही महत्त्वाचं नसतं, साहेब. महत्त्वाचं ते मध्ये असतं." ते पूर्ण गंभीरपणे म्हणाले होते.

त्यांच्याकडे खेड्यांतून माणसं येत. टाकव्याहून, पवनेच्या बाजूने, कुठून कुठून. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी बांधाचं भांडण झालं की लोक सरकारी कचेरीत जायच्या आधी यांच्या जिन्यावर येऊन बसत. वर्षातून एकदा, भात झोडून झालं की, नवलाख उंबऱ्याचे एक वयस्कर गृहस्थ येत. डोक्यावरून आंबेमोहोर तांदळाचं गाठोडं आणत. छप्पन साली त्यांचं घर बौद्ध झालं होतं. त्यांची थोडीशी जमीन, आणि शेजारच्या मोठ्या शेतकऱ्याने दर पावसाळ्यात बांध सरकवत सरकवत त्यातले दोन गुंठे घेतलेले. अण्णांनी नोकरीत असताना ते मोजून परत काढून दिले होते. ही हकीकत ते गृहस्थ दरवर्षी जिन्यावर बसून मला नव्याने सांगत. अण्णांना ते आबा म्हणत.

"समदे म्हनलं, ऱ्हाऊ दे, दोन गुंठ्यानं काय व्हतंय. आबांना जेवायला बोलावनं आलं त्या वाड्यावरनं. आबा गेलं न्हाईत. झाडाखाली बसून आपली भाकर खाल्ली आन् म्हनलं, साखळी काय म्हनती ते बघू. लय उन्हाचं दिस व्हतं बाई. आबांनी तीनदा मोजलं."

"चारदा," अण्णा आतून म्हणत.

काकू त्यांना चहा देत. तो चहा जिन्यावरच मिळे आणि त्यासाठी एक कप खिडकीत वेगळा ठेवलेला असे. मी तो कप जाता-येता पाहत असे. शाळेत मुलींकडून समतेवर निबंध लिहून घेणारी मी त्याबद्दल एक शब्दही बोलले नाही. तुम्ही विचारण्याआधी मीच हे लिहून ठेवते.

अण्णांना एकच मुलगी. प्रभा. आम्ही राहायला आलो तेव्हा ती बी.ए.ला होती. बापासारखी उंच, दारातून जाताना मान किंचित वाकवणारी. मला वहिनी म्हणायची. शिकून मुंबईला दादरच्या एका शाळेत शिक्षिका झाली. नवलाख उंबऱ्याच्या त्या गृहस्थांचा मुलगाही त्याच शाळेत गणित शिकवत होता. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं आणि मग पत्राने कळवलं. टीव्ही यायच्या चार वर्षं आधीची ही गोष्ट.

अण्णांनी पत्र जिन्यात उभं राहूनच वाचलं. घडी होती तशी घातली आणि काकूंना सांगितलं, "या घरातून त्या घरी कोणी जायचं नाही. त्या घरातून इथे कोणी यायचं नाही." आवाज चढला नव्हता. मी खाली कपडे वाळत घालत होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

पंधरा दिवसांनी ते गृहस्थ आले. या खेपेला डोक्यावर गाठोडं नव्हतं. जिन्याच्या तळाशीच उभे राहिले. अण्णा वरच्या पायरीवर.

"आबा, पोरांनी केलं. मला बी चिठ्ठीच आली. पर पोरगी गुनाची हाय, आन् माझा पोरगा बी वाया गेल्याला न्हाई. तुमी एकडाव चला मुंबैला. मी येतो संगं."

"जमिनीचं काही असेल तर बोला."

"जमिनीचं काय न्हाई, आबा."

"मग या आता."

ते म्हणाले, "तवा तुमी कुनाचं म्हंजी कुनाचं ऐकलं न्हाई. आमाला वाटलं, आबा कुनाला भीत न्हाईत." आणि वळले. काकू चहा घेऊन बाहेर आल्या तोवर ते रस्त्याला लागले होते. काकूंच्या हातात घरातला कप होता.

त्यानंतर त्या घरात प्रभाचं नाव कोणी घेतलं नाही. तिने पाठवलेली दोन पत्रं अण्णांनी पोस्टमनला परत दिली. मग तिने माझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहायला सुरुवात केली. मी ती पत्रं वह्यांच्या गठ्ठ्यात घालून आणायची. काकू नळावर पाणी भरायला खाली यायच्या, बादली भरेपर्यंत उभ्याने पत्र वाचायच्या आणि मला परत द्यायच्या. पत्र ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती. अण्णांना घरातली प्रत्येक वस्तू कुठे आहे हे ठाऊक असे. दुसऱ्या वर्षी प्रभाला मुलगी झाल्याचं पत्र आलं. त्या दिवशी बादली भरून वाहिली तरी काकूंनी नळ बंद केला नाही. उत्तरं मी लिहायची. "आईची तब्येत बरी आहे. आई आठवण काढतात." याहून जास्त काही काकू सांगत नसत.

मुंबई काही लांब नव्हती. सकाळच्या गाडीने गेलं तर संध्याकाळी परत येता येई. पण काकूंनी सहा वर्षांत मुलीला पाहिलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "काकू, चला माझ्याबरोबर, शाळेच्या कामाला जाते असं सांगते." त्या म्हणाल्या, "ते मला कधी खोटं बोललेले नाहीत गं. मी कशी बोलू?" मी पत्रं लपवून आणत होते त्याचं काय, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण तेवढं एक त्यांनी स्वतःला माफ केलं असावं.

आणि मग एक पत्र आलं. प्रभाने लिहिलं होतं की त्यांच्या शाळेतल्या शिक्षिकांचं समूहगीत टीव्हीसाठी मुद्रित झालं आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी, बातम्यांच्या आधी दाखवतील. "वहिनी, आईला सांगा. आम्ही आठजणी एका ओळीत उभ्या आहोत. साड्या सगळ्यांच्या एकसारख्या, त्यामुळे ओळखू येणार नाही. मी उजव्या टोकाची. उंच म्हणून मला टोकाला घातलंय. अण्णांना कळलं तर टीव्ही बंद करतील, तेव्हा त्यांना सांगू नका. पोरींचा घोळका गातोय म्हणून ते बघतील किंवा बघणार नाहीत. आईने तेवढं बघावं."

काकूंनी ते पत्र दोनदा वाचलं. "उजव्या म्हणजे आपल्या उजव्या की तिच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आपल्या असणार. त्या शुक्रवारी आणि शनिवारी त्या मला चार वेळा तरी विचारून गेल्या, वीज जाणार नाही ना, साहेबांना विचार ना. आजोबांनी शपथेवर सांगितलं की जाणार नाही. तसं सांगण्याचा त्यांना काहीच अधिकार नव्हता.

शनिवारी खालच्या आळीत लग्न होतं, म्हणून रोज येणारे शेजारी आले नाहीत. आम्ही चौघंच होतो. अण्णांनी वर्तुळ मोजलं, मी आरसा धरला, खुंट्या नेहमीप्रमाणे थोड्या पुढे नेऊन ठेवल्या गेल्या. ते समाधानाने खुर्चीत बसले. एरवी काकू दाराशी पाटावर बसून काहीतरी निवडत असत आणि मध्येच मान वर करून बघत. त्या दिवशी त्या टीव्हीच्या अगदी समोर, जमिनीवर बसल्या. हातात काही नव्हतं. अण्णा म्हणाले, "डोळे बिघडतील." त्या हलल्या नाहीत.

गाणं सुरू झालं. शिक्षिकांची ओळ आली. काकू ओठांतल्या ओठांत मोजत होत्या, मला ऐकू येत होतं. एक, दोन, तीन... सात. पुन्हा एक, दोन. पुन्हा सात. उजव्या टोकाला, चौकटीच्या लाकडाला लागून, एक कोपर दिसत होतं. पांढऱ्या ब्लाउजची कड आणि कोपर. ते तालावर हलत होतं.

माझ्या लक्षात आलं. इतकी तयारी केली, विजेचं विचारलं, डावं-उजवं विचारलं, आणि रोज संध्याकाळी मी स्वतः आरसा धरून चित्राची जी कड लाकडामागे घालवायला मदत केली होती, तिचा विचार मी केला नव्हता.

"अहो," काकू म्हणाल्या, "चित्र लहान करा."

"चित्र बरोबर आहे. मघाशी मोजलंय."

"लहान करा."

"लहान कशाला? पट्टी पडेल."

"पडू दे." काकूंनी मान वळवली नव्हती. "प्रभा बाहेर राहिलीय."

गाण्याचं एक कडवं संपून दुसरं सुरू झालं. अण्णांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजोबा खाली जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता उठून टीव्ही बंद करतील. बटण त्यांच्या हातापासून दीड फुटावर होतं. काकूंनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी एक हात पुढे करून काचेवर ठेवला, त्या कोपरावर.

अण्णा उठले. टीव्हीच्या मागे गेले. स्लिपर घालायचे राहिले, ते माझ्या लक्षात आलं, पण मी बोलले नाही. मी सवयीने आरसा उचलून पुढे झाले, तर मागून आवाज आला, "आरसा नको, बाई. तुम्ही तिच्या आड याल."

मी बाजूला झाले.

खुंटी फिरली तसं चित्र दोन्ही बाजूंनी आत यायला लागलं. कडेला काळ्या पट्ट्या उमटल्या. कोपरामागून दंड आला, मग खांदा.

"आली का?" मागून अण्णांनी विचारलं.

"अर्धी आली," काकू म्हणाल्या. "अजून थोडं."

"आता?"

"वेणी दिसतेय. अजून."

"आता?"

आम्ही तिघंही बघत होतो. सगळ्यांत उंच होती ती, आणि गाताना मान किंचित वाकवलेली. "आली," काकू म्हणाल्या. "पूर्ण आली. राहू द्या तसंच."

खुंटी पुढे नेली की टिकायची, पण मागे नेऊन सोडली की परत फिरायची, हे मला माहीत होतं. म्हणून अण्णा स्क्रू-ड्रायव्हर धरून मागेच उभे राहिले. गाणं संपेपर्यंत. आम्हाला त्यांचा फक्त डोक्याचा पांढरा शेंडा दिसत होता. त्यांना आम्ही दिसत नव्हतो, आणि ती तर नाहीच.

बातम्या लागल्यावर ते बाहेर आले. बाहीला धूळ लागली होती. काकूंनी पदराने डोळे पुसले नाहीत, तसेच राहू दिले. आम्ही उठणार, तेवढ्यात अण्णांनी विचारलं,

"बारीक झालीय का?"

"झालीय," काकू म्हणाल्या.

"रुंदी कमी केली की सगळेच बारीक दिसतात. त्यावरून काही सांगता येत नाही."

"मग जाऊन बघा."

काकू अशा बोललेल्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. त्या उठून आत गेल्या आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

पुढचा आठवडाभर अण्णा माझ्याशी बोलले नाहीत. टीव्ही लावला नाही, त्यामुळे आरसाही नाही. माझ्याकडून हे सगळं घडलं हे त्यांना कळून चुकलं होतं आणि मला घर सोडायला सांगतील असं मी धरून चालले होते. एका सकाळी ते कोट घालून निघाले. काकूंना एवढंच म्हणाले, "संध्याकाळी येतो." स्टेशनच्या रस्त्याला लागले. काकू खाली माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "आज शाळेत जाऊ नकोस." मी रजा टाकली. दिवसभर आम्ही दोघींनी तांदूळ निवडले. आधी त्यांच्या घरचे, मग माझ्या घरचे, आणि मग निवडलेलेच पुन्हा.

संध्याकाळी ते आले. जिना चढून वर गेले, खुर्चीत बसले. मी काकूंबरोबर वर होते. जायला उठले, तर हाताने 'बसा' म्हणाले. बूट काढले नव्हते.

"शाळेच्या फाटकासमोर उभा होतो. सुटल्यावर बाहेर आली. बारीक नाहीये. होती तशीच आहे."

"काय बोललात?"

"बोललो नाही. रस्त्याच्या पलीकडे होतो." त्यांनी हातातली टोपी गुडघ्यावर ठेवली. "तिच्याबरोबर एक लहान मुलगी होती. तीन-सव्वातीन फूट. हात धरून चालली होती. आई म्हणून हाक मारली तिला."

त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"बाई, तुम्हाला?"

मी हो म्हटलं. माझी मान खाली होती.

"किती वर्षांची आहे?"

"चार पूर्ण होतील श्रावणात," काकू म्हणाल्या.

"चार वर्षं," अण्णा म्हणाले. "चार वर्षं मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही कोणाला विचारलंत?"

अण्णा वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. खाली रस्त्यावरून एक टांगा घुंगरं वाजवत गेला. मग त्यांनी विचारलं, "नाव काय ठेवलंय?"

काकूंनी नाव सांगितलं.

अण्णांचे कान शेवटपर्यंत तीक्ष्ण होते. तरी त्यांनी पुन्हा विचारलं, आणि काकूंनी त्यांच्याजवळ येऊन पुन्हा सांगितलं.